तिचं मत, माझी सही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दोन पाकिटं चिकटवणं.

सकाळची पेज खाऊन झाली होती. तिने टेबल पुसलं, हात गाऊनला पुसले आणि फ्रिजवर पडलेल्या मतपत्रिका खाली काढल्या. घरी टपालाने येतात त्या, दोघांच्या दोन. येऊन तीन आठवडे झाले होते. मी माझी पहिल्याच दिवशी भरली असती, पण तिला सोबतची पुस्तिका सगळी वाचायची होती. रोज एक पान, बोट ठेवून. ती सातवी शिकलेली, मी चौथी. आमच्या घरात इंग्रजीचं खातं तिच्याकडे होतं.

काळ्या पेनाने गोल भरायचे असतात. ती डावा हात आडवा धरून भरत होती, मला दिसू नये म्हणून.

"मी बघून काय करणार आहे?" मी म्हटलं.

"गुप्त मतदान असतं. वर्गात शिकवलंय."

"नवऱ्यापासून पण?"

"नवऱ्यापासूनच मुख्य."

नागरिकत्वाच्या परीक्षेआधी ती एका चर्चच्या तळघरात वर्गाला जायची. तिथे शिकलेलं तिने कधी सोडलं नाही. आजवर एकदाही मला सांगितलं नाही की मत कुणाला दिलं. मी तर भरता भरता मोठ्याने बोलायचो, शिव्या घालायचो. ती ऐकून घ्यायची आणि हात आडवा तसाच ठेवायची.

मी शिव्या घालायचो त्याला कारण आहे. आम्ही राहतो वॉशिंग्टनमध्ये. लोकांना वाटतं राजधानीत राहणाऱ्याच्या मताला वजन असेल. उलटं आहे. हे शहर कुठल्या राज्यात नाही आणि स्वतःही राज्य नाही. अध्यक्षाला मत देता येतं, महापौराला देता येतं. पण देशाचे कायदे होतात तिथे प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर बसतात, आमचा एकही नाही. खालच्या सभागृहात आमचे एक प्रतिनिधी असतात. ते बसतात, बोलतात, आणि कायद्यावर शेवटचं मत घ्यायची वेळ आली की गप्प राहतात, कारण त्यांना मतच नाही. शिवाय आम्ही दोन सिनेटर नावाला निवडतो, त्यांना इथे सावलीतले म्हणतात. त्यांना आत खुर्ची नाही. दिल्लीच्या माणसाला निदान खासदार आहे. कर मात्र आम्ही सगळ्यांसारखा भरतो. आमच्या शेजाऱ्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा तशी तक्रार छापलेली आहे, आणि ती प्लेट सरकारनेच दिलेली आहे.

"सावलीला मत देतोय बघ," मी म्हटलं.

"द्या. उन्हातून आलेल्या माणसाला सावलीची किंमत असते."

मग तिने तिची पत्रिका घडी घालून तिच्या पाकिटात घातली, माझी माझ्या पाकिटात. पुस्तिका वाचून तिचे डोळे दुखत होते, म्हणून चष्मा काढून ठेवला. पाकिटावर ज्याचं त्याचं नाव छापलेलं असतं आणि खाली सहीची रेघ. सही नसली तर मत मोजत नाहीत. मी एक पाकीट उचललं, माझं नाव दिसलं, सही केली. दुसरं तिच्यापुढे सरकवलं. तिने सही केली. मी दोन्ही चिकटवली. ती म्हणाली, जरा पडते, एक वाजता उठवा, भात लावायचा आहे.

मी खाली तळघरात कपडे धुवायला टाकून आलो. एक वाजता उठवायला गेलो तर ती उठली नाही.

त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. तिचं हृदय कमजोर होतं, पाय सुजायचे, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. अॅम्ब्युलन्सवाली पोरं आली, त्यांनी करायचं ते केलं, मग थांबली. त्यातला एक मला म्हणाला, सर, बसा. मी उभाच होतो म्हणे बराच वेळ.

आम्ही इथे आलो ते सिनेटर मिळवायला नाही. मी वेंगुर्ल्याकडचा. वकिलातीतल्या एका साहेबांचा स्वयंपाकी म्हणून आलो. साहेब परत गेले, मी राहिलो. कागद कसे झाले ते सांगत बसत नाही, वकिलाने केले, वर्षं गेली. पुढे मला घुमटाखाली काम मिळालं, म्हणजे जिथे कायदे होतात त्याच इमारतीच्या कँटीनमध्ये. बावीस वर्षं मी तिथे सूप केलं. पन्नास राज्यांची माणसं माझं सूप पिऊन वर जायची आणि मतं द्यायची. आमच्या शहरात शाळांचं काय व्हावं, कुठला कायदा ठेवावा, कुठला रद्द करावा, हेही तीच ठरवायची. एकदा एका मोठ्या माणसाने वाडगा पुढे धरून विचारलं, तुम्ही कुठल्या राज्याचे? मी म्हटलं, इथलाच, या शहराचा. तो हसला. म्हणाला, मग हे सूप खारट आहे असं मी बिनधास्त म्हणू शकतो, तुमचं मत मला लागत नाही. चांगला माणूस होता, गंमतीने बोलला. मी पळीभर सूप आणखी घातलं. घरी येऊन हिला सांगितलं तर ती दोन दिवस धुमसत होती. मी म्हटलं, अगं तो हसत होता. ती म्हणाली, म्हणूनच.

ती एका लाँड्रीत कपडे दुरुस्त करायची. पँटा लहान-मोठ्या करणं, अस्तर बदलणं. गिऱ्हाइकं तीच, घुमटाखालची. म्हणायची, यांचे पक्ष मला माहीत नाहीत पण सगळ्यांच्या कमरा माहीत आहेत. निवडून आले की दोन महिन्यांत शिवण सोडवायला येतात.

नागरिक ती माझ्याआधी झाली. मी पहिल्या खेपेला नापास झालो, वाचायला दिलेलं वाक्य मला वाचता आलं नाही. तिची परीक्षा मी बाहेर बसून ऐकली नाही, पण तिने ती इतक्या वेळा सांगितली की ऐकल्यासारखीच आहे. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने विचारलं, तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं नाव सांगा. शंभर प्रश्नांत हा एक असतो. बाकी सगळ्या देशातल्या माणसाने तिथे नाव सांगायचं असतं. राजधानीतल्या माणसाने सांगायचं असतं की आम्हाला सिनेटर नाही. तिने तसं सांगितलं. साहेब म्हणाला, करेक्ट. घरी येऊन ती आनंदात नव्हती. म्हणाली, आमचं कोणी नाही असं म्हटलं तर बरोबर म्हणून खूण केली हो त्याने. मी म्हटलं, पास झालीस ना, मग झालं. तिच्या लेखी ते झालं नव्हतं.

तेव्हापासून तिने एकही मतदान चुकवलं नाही. बर्फात गेली, पाय सुजलेले असताना गेली. आमच्या गल्लीतल्या बायका, बहुतेक काळ्या, पिढ्यान् पिढ्या इथल्या, राज्य मिळावं म्हणून खटपट करायच्या. त्यांनी हिला एक झेंडा शिवायला सांगितला, एक्कावन्न ताऱ्यांचा. देशाच्या झेंड्यावर दर राज्याचा एक असे पन्नास तारे असतात, त्यात एक वाढवायचा म्हणजे सोपं वाटतं, पण तारे ओळीत बसेनात. हिने पेपर पसरून राजम्याचे दाणे मांडले. चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर राजमा होता, मी उभ्याने जेवलो. शेवटी नऊ, आठ, नऊ, आठ अशा सहा ओळी बसल्या. मी म्हटलं, एका ताऱ्यासाठी पन्नास जणांना हलवलंस. ती म्हणाली, हलू देत, इतकी वर्षं बसलेत.

शहराला राज्य करायचा कायदा खालच्या सभागृहात पास झाला तेव्हा तिने शिरा केला. वरच्यात अडकला. रवा थोडा शिल्लक होता, तो तिने बरणीत भरून ठेवला. म्हणाली, पुढल्या वेळेला.

आमची लेक नदीपलीकडे, व्हर्जिनिया राज्यात राहते. आमच्या घरापासून अर्धा तास, पूल ओलांडायचा. तिचं घर मोठं आहे. ती कधीपासून मागे लागलेली, या इकडे राहायला. जावई गंमतीने म्हणायचा, पूल ओलांडा, दोन सिनेटर आणि एक बेडरूम मिळेल. मला खरं तर जायचं होतं. गुडघे गेलेत, आमच्याकडे जिने आहेत. ही ऐकायची नाही. म्हणायची, जिथे राहतो तिथे मिळाला तर हक्क. दुसऱ्याच्या दारात जाऊन मिळाला तर तो पाहुणचार. यावरून आमची भांडणं झाली आहेत. मी एकदा बोललो, तुझ्या एका मतासाठी मी जिने चढतोय. ती म्हणाली, मग नका चढू, खालीच बसा. आणि जेवण खाली आणून दिलं, पायरीवर. मी तिथे बसून जेवलो. दोघेही हसलो नाही, पण राग गेला.

त्या दिवशी संध्याकाळी लेक आली. आईला नेलेलं होतं तोवर. अंत्यसंस्काराच्या जागेवाल्यांनी परवाची वेळ दिली होती. इकडे असंच असतं, माणूस गेल्यावरही वेळ घ्यावी लागते. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारच्या बाईने भांडंभर मॅकरोनी आणून ठेवली होती. लेक आईचं इन्शुरन्सचं कार्ड शोधत होती. टेबलावरचे कागद बघता बघता थांबली.

"बाबा, हे आईचं पाकीट आहे. यावर तुमची सही आहे."

"माझं नाव आहे त्यावर."

"दॅट्स हर मिडल नेम, बाबा."

मी चष्मा लावून बघितलं. खरं होतं. आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव लागतं, मग आडनाव. इथल्या कागदांवर ते मधलं नाव म्हणून छापतात. मी इंग्रजीत माझं नाव तेवढं झटकन ओळखतो. पाकीट उचललं, माझं नाव दिसलं, सही ठोकली. ते नाव मधे आहे, पुढे तिचं आहे, हे बघितलंच नाही. उरलेलं पाकीट तिला दिलं. चष्मा नव्हता, मी दिलं म्हणून तिने घेतलं. माझ्या पाकिटावर तिची सही, तिच्या पाकिटावर माझी. चव्वेचाळीस वर्षं तिच्या प्रत्येक कागदावर मी मधे उभा होतो, आणि शेवटच्या कागदावर तिच्या जागीच जाऊन बसलो.

लेक रडत नव्हती. ती सरकारी ऑफिसात आहे, नियम सांगायची तिला सवय आहे. म्हणाली, आईचं मत आता जाऊ शकत नाही. सही बरोबर असती तरी माणूस गेल्यावर ते पाठवता येत नाही. "यू कांट मेल इट, बाबा. शी इज..."

मी म्हटलं, भरलं तेव्हा ती जिवंत होती.

"आय नो."

"पुस्तिका पूर्ण वाचली तिने. सगळी पानं."

"आय नो, बाबा."

थोड्या वेळाने तिने सांगितलं की माझं मत अजून देता येईल. मतदानाच्या दिवसाआधीच्या आठवड्यात केंद्रं उघडतात, चार गल्ल्या सोडून खेळाच्या हॉलमध्ये एक आहे, तिथे जाऊन नवी पत्रिका घेता येते. पण या वेळी राहू दे, म्हणाली, कोणी काही म्हणणार नाही. मग मॅकरोनी गरम करता करता, पाठ माझ्याकडे करून म्हणाली:

"तुम्हाला हवं तर आईचं मत तुम्ही देऊ शकता. तिने ज्यांना दिलं त्यांनाच तुम्ही द्या. तुमच्या पत्रिकेवर. मग ते मोजलं जाईल."

"मला माहीत नाही तिने कुणाला दिलं."

तिने वळून टेबलाकडे बघितलं. मीही बघितलं. पाकीट बंद होतं.

"उघडायचं का ते तुम्ही ठरवा," लेक म्हणाली. "मी काही सांगणार नाही."

लेक सोफ्यावर झोपली. मी पलंगावर हिच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला झोपलो. झोप लागली. लाज वाटते सांगायला, पण लागली.

सकाळी लवकर जाग आली. आंघोळ केली. लेक झोपलेली होती. माझी आई असती तर म्हणाली असती, सुतकात बाहेर कुठे निघालास. पण इथे विचारायला कोणी नव्हतं. दोन्ही पाकिटं जाकिटाच्या आतल्या खिशात घातली आणि जिने उतरलो.

हॉल उघडायला वेळ होता. बाहेर बाकावर बसलो. तिचं पाकीट काढलं. मी घाईत चिकटवलं होतं, एका कोपऱ्याला डिंक नीट लागला नव्हता. नख घातलं असतं तर अर्धं उघडलं असतं. खरं सांगतो, नख घातलं मी. थोडासा कागद वर आला.

मला वाटत होतं, हे मत फुकट गेलं तर तिने पुस्तिका वाचली ती फुकट, ती बर्फात गेली ते फुकट. आधीच आमच्या मताला इथे अर्धीच किंमत. त्यातलं शेवटचं माझ्या सहीने जावं हे मला सहन होत नव्हतं. आणि माझ्या मताचं मला विशेष काही नव्हतं. मी तिचं दिलं असतं. कोणाला कळणार होतं?

पण मग ते आडव्या हाताचं आठवलं. तिने माझ्यापासून काही लपवलं नाही. दागिने, दुखणी, माहेरचं बोलणं, सगळं सांगायची, नको तितकं सांगायची. एवढंच एक लपवलं, दर वेळी, आणि ते लपवायचा हक्क आहे म्हणून लपवलं. मी उघडून तिचं मत माझ्या नावाने दिलं असतं तर पुन्हा मीच मधे उभा राहिलो असतो. आता तिथे तिला एकटीलाच राहू द्यायला हवं होतं. नख काढलं. कोपरा थुंकी लावून दाबून बसवला.

दार उघडलं. आत टेबलाशी एक म्हातारी बाई होती, माझ्याच वयाची, गळ्यात ओळखपत्र. तिच्यापुढे दोन्ही पाकिटं ठेवली आणि मला येतं तेवढ्या इंग्रजीत सांगितलं. हे माझं, यावर बायकोची सही. हे बायकोचं, यावर माझी. चूक माझी. बायको काल गेली.

तिने पाकिटं शेजारी शेजारी ठेवून दोन्ही सह्या बघितल्या. मग म्हणाली, तुमच्यासाठी नवी पत्रिका देते, जुनी रद्द होईल. बायकोच्या पाकिटावर हात ठेवला आणि म्हणाली, हे मोजता येणार नाही, हनी. मला वाईट वाटतं.

"माहीत आहे," मी म्हटलं. "फक्त उघडू नका."

"आम्ही असली न उघडताच ठेवतो."

"तुम्हीपण नाही?"

"कोणीच नाही."

तिने ते दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवलं, नाव खाली करून. मला एका कागदावर सही करायला लावली, या वेळी बोट ठेवून दाखवलं कुठे ते. आणि कोरी पत्रिका दिली.

मी कोपऱ्यातल्या उंच टेबलाशी गेलो. महापालिकेच्या जागा भरल्या, अध्यक्ष भरला, ज्यांना मत नाही ते प्रतिनिधी भरले, सावलीतला एक भरला. सगळं माझ्या मनाने. शेवटी मागच्या बाजूला शहराच्या एका कायद्याबद्दल लांबलचक प्रश्न होता, हो की नाही असा. दोनदा वाचला, अर्थ लागेना. असले प्रश्न ती मला मराठीत सांगायची, मी कुणाला मत देणार हे न विचारता. मी तो तसाच सोडला, आणि कागद यंत्रात सरकवला.